सातवं कलम

१

वकिलांनी मृत्युपत्राचा कच्चा मसुदा पाठवलाय. सहा कलमं भरलेली आहेत. सातव्यात छापलंय, 'उर्वरित सर्व रक्कम मी ____________ या संस्थेस देत आहे.' रेघ साधारण दोन इंचांची.

२

बँकेत तेहेतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची नऊ मयत खात्यांच्या टेबलावर. 'मयत' इतक्या वेळा लिहिलं की शब्दाची भीती गेली. 'नॉमिनी म्हणजे मालक नव्हे' हे वाक्य दिवसातून पाचदा म्हणावं लागे. समोर बसलेला स्वतः नॉमिनी असला की त्याला ते हमखास ऐकू येत नसे.

मी टेबलावर होते तोवर ठेवीला नॉमिनी म्हणून माणूसच लागायचा, संस्था चालत नसे. एका बाईंनी नॉमिनीच्या रकान्यात शाळेचं नाव आणि नात्याच्या रकान्यात 'आई' असं लिहून आणलं होतं. मी फॉर्म परत केला. नियमच तसा होता.

३

लग्न केलं नाही. एक भाचा, एक पुतणी. दोघांचं कलम चार आणि पाचमध्ये आलंय.

भाचा म्हणाला, "मावशी, तू सगळं दान करून टाक. आम्हाला काही नको."

पुतणी म्हणाली, "आत्या, तुझा पाटा-वरवंटा मला हवाय."

पुतणीवर विश्वास बसला.

४

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टँप ड्यूटी नाही. दोन साक्षीदार पुरे. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, केलेली बरी. हरवलेल्या पासबुकासाठी आम्ही लोकांकडून यापेक्षा जास्त कागद मागायचो.

५

१८९९. मुंबई इलाख्यातलं एक मृत्युपत्र लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. माणसानं पैसे 'धरम'साठी ठेवले होते. न्यायमूर्तींनी शब्दाचे अर्थ पाहिले. कायदा, सदाचार, कर्तव्य, बरंच काही निघालं. इतका मोघम शब्द अमलात आणता येत नाही म्हणून ते दान रद्द ठरलं.

१९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. दहाव्या कलमात स्पष्टीकरण जोडलंय: 'धर्म', 'धर्मादा', 'पुण्यकार्य' एवढंच लिहिलं असलं तरी केवळ तेवढ्यावरून विश्वस्त व्यवस्था रद्द होत नाही.

म्हणजे धर्म म्हणजे काय हे आपल्याला साधारण कळतं, असं एक्कावन्न वर्षांनी सरकारनं मान्य केलं.

तरीही वकील म्हणालेच, "मॅडम, नाव लिहा."

६

सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. कशी, ते विचारलं नाही; माझ्याकडची कामवाली त्यांच्याकडेही जाते.

"फ्लॅट कुत्र्यांच्या संस्थेला देताय म्हणे?"

"अजून ठरलं नाही."

"नाही, म्हणजे... इथे राहायला येतील का?"

७

फ्लॅट संस्थेला दिला तर संस्थेला तो विकावा लागणार. विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी, कलम ३६. म्हणजे अर्ज, ठराव, मूल्यांकन, जाहिरात, निविदा, तारखा. तोवर मेंटेनन्स संस्थेनं भरायचा. चाळीस मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या माणसानं ठाण्यातल्या वन-बीएचकेच्या गळतीसाठी वरच्या मजल्याशी भांडत बसायचं. फ्लॅट पुतणीनं विकावा आणि पैसे द्यावेत, असं कलम सहा बदलून घेतलं.

माझी कल्पना अशी होती की घर दिलं की मोठं दान. मोठं असतं खरं, पण घेणाऱ्याला ते उचलावं लागतं.

८

प्रयोग. गेल्या वर्षी वर्तमानपत्रांची कात्रणं काढून अकरा संस्था निवडल्या. प्रत्येकीला एक हजार रुपये पाठवले. ओळख दिली नाही, मृत्युपत्राचा उल्लेख केला नाही. एक वही घातली आणि वाट पाहिली.

दोन मिनिटांत एक ई-मेल: 'प्रिय श्री.'

एकीकडून फोन. मुलीचा आवाज गोड. "मॅडम, हे मंथली करू या का?" पुन्हा चार दिवसांनी. पुन्हा चार दिवसांनी. तिसऱ्यांदा तिला विचारलं, तू कधी संस्था पाहिली आहेस का? म्हणाली, "नाही मॅडम, मी कॉल सेंटरला आहे." बिचारी.

एकीनं आर्ट पेपरवरचा जाडजूड अहवाल कुरिअरनं पाठवला. माझ्या हजारातले किमान दीडशे मलाच परत आले.

एका संस्थेचं उत्तर आलं की खात्यात रक्कम दिसते, कोणत्या कामासाठी आहे ते कळवा, नाहीतर कोणत्या खतावणीत घालायची? हे वाचून मला फार बरं वाटलं. माझ्या जातीचा माणूस. बँकेच्या जातीचा.

चारांकडून पावती वेळेत, रीतसर, त्यापुढे काही नाही. तक्रार नाही.

दोघांकडून काहीच नाही. मार्चअखेर आठवण करून दिली, तरी नाही.

अकरावी संस्था. पावती पंधरा दिवसांनी पोस्टानं आली. आडनाव चुकलेलं. आठवड्यानं दुसरं पाकीट. आत दुसरी पावती आणि पाठकोऱ्या कागदावर निळ्या शाईत: 'पहिल्या पावतीत आपले आडनाव चुकले होते. दुरुस्त पावती सोबत. पहिली कृपया फाडून टाकावी. तसदीबद्दल क्षमस्व.' मी काही कळवलेलं नव्हतं.

९

पहिली फाडलेली नाही.

१०

एका वसतिगृहात गेले. अधीक्षकांच्या मागे फळा होता. त्यावर त्या महिन्याचे दिवस, प्रत्येकापुढे नाव आणि 'मिष्टान्न'. पितृपक्ष होता. पंधराही दिवस भरलेले.

"मुलं खूश असतील."

"पहिले चार दिवस. नंतर बासुंदी पाहिली की नको म्हणतात. परवा एकानं पिठलं-भाकरी मागितली."

"जूनमध्ये कोण येतं?"

"जूनमध्ये दप्तरं लागतात," ते म्हणाले. एवढंच.

११

मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतर उघडतात. डोळे सहा तासांच्या आत द्यायचे असतात. नेत्रदानाची इच्छा मृत्युपत्रात लिहून निर्धास्त झालेली तीन माणसं माझ्या ओळखीत आहेत.

१२

फ्रीजवर चिठ्ठी लावली आहे.

१३

पंखा. गावच्या देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल ऑइलपेंटनं 'कै.', मग नाव, मग 'यांचे स्मरणार्थ'. पंखा सुरू असताना काही वाचता येत नाही. लाइट गेली की कळतं कुणाचा.

१४

प्रेमचंद रायचंद. कापसाचा आणि शेअरांचा राजा. १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले; मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं, राजाबाई. १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि शेठ धुळीला मिळाले. मनोरा १८७८ ला पुरा झाला. शेठ त्यानंतरही बरीच वर्षं होते, १९०६ पर्यंत.

त्यांनी हे 'माझ्या पश्चात' असं लिहून ठेवलं असतं तर फोर्टात आज वेळ पाहायला मोबाइलच.

१५

भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग आत्ताच दे ना." त्याला कुणीतरी सांगायला हवं की एफडीच्या व्याजावर त्याची मावशी जेवते.

१६

हिशोब मांडला. नव्वदीपर्यंत जगले आणि पडले-झडले नाही तर इतके. पंच्याऐंशीला गेले तर त्याहून बरेच जास्त. शेवटचे वीस दिवस आयसीयूत काढले तर अडीच-तीन संस्थांची दप्तरं, पुस्तकं, कुत्री सगळी व्हेंटिलेटरवर.

म्हणून वकील म्हणतात, आकडा लिहू नका, टक्के लिहा.

१७

वसईची सहकारी आठवली. कॅथलिक. तिच्या वडिलांना चर्चच्या अनाथाश्रमाला वाडीचा तुकडा द्यायचा होता. तेव्हा १९२५ च्या वारसा कायद्यात ११८ वं कलम होतं. पुतणे-भाचे किंवा त्याहून जवळचे नातलग असले, तर धर्मादाय दानाचं मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं हवं आणि केल्यापासून सहा महिन्यांत निबंधकाकडे जमा हवं. मरणाच्या भीतीनं माणूस पाद्र्याला सगळं देऊन टाकील अशी जुनी इंग्रजी शंका, ती आपल्याकडे ख्रिश्चनांच्या मानगुटीवर बसली.

वडिलांनी मृत्युपत्र केलं आणि कॅलेंडरवर खूण केली. बारा महिने खोकत काढले. "दान पक्कं व्हावं म्हणून जगले ते," ती म्हणायची.

सर्वोच्च न्यायालयानं ते कलम २००३ मध्ये रद्द केलं. खटला केरळच्या एका पाद्र्यांनीच लढवला होता.

१८

वारसांची संमती नसेल तर मुस्लिम माणसाला मृत्युपत्रानं एक तृतीयांशच देता येतं. गोव्यात मुलंबाळं असतील तर अर्धं. बाकीचं अर्धं त्यांचंच, बाप रागावला तरी. मला स्वकष्टार्जित सगळं देता येतं. ज्याला हवं त्याला. कुणाला विचारायचं नाही.

कायद्यानं इतकं मोकळं सोडलं की माणूस बावचळतो.

१९

शाळेत मला संस्कृतचं बक्षीस मिळालं होतं, एकवीस रुपये. कुणा वकिलांच्या पत्नीच्या स्मरणार्थ ठेव होती, तिच्या व्याजातून. त्या एकवीस रुपयांत शब्दकोश आणि कंपासपेटी आली होती. गेल्या वर्षी माजी विद्यार्थी मेळाव्याला गेले. बक्षीस चालू आहे. एकवीस रुपये. मुलगी पाकीट घेऊन खाली उतरली, उघडून पाहिलं आणि मैत्रिणीला दाखवलं. दोघी हसल्या. मग ती नाणं अंगठ्यानं उडवत जागेवर गेली. वीसची नोट आणि एकचं नाणं होतं.

त्या बाईंचं नाव निवेदकानं बरोबर उच्चारलं, हे खरं.

२०

शेठ गोर्धनदास सुंदरदास. त्यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी परळच्या मेडिकल कॉलेजला पैसे देताना अट घातली: शिकवणारे सगळे भारतीय हवेत, आणि सरकारी नोकरीतले नकोत. तेव्हा वरच्या जागा गोऱ्या डॉक्टरांच्या. १९२६ मध्ये केईएम उभं राहिलं, शेजारी जी. एस. मेडिकल. अट पाळली गेली.

आज ती अट वाचून कुणाला काही वाटणार नाही. म्हणजे ती कामाला आली.

२१

मीही अटी लिहून पाहिल्या.

मुलींनाच. खोडलं.

मराठी माध्यमाच्याच. पाच वर्षांनी किती राहतील? खोडलं.

दरवर्षी माझ्या वाढदिवशी. लाज वाटली.

फोटो लावू नये. हीसुद्धा अटच, आणि जास्त मानभावी.

२२

पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. मूळ प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची, पुढे पेशव्यांनी चालवली. १८१८ ला राज्य गेलं, दक्षिणा राहिली. इंग्रजांनी त्यातलीच काही रक्कम वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ ला लोकहितवादी आणि मंडळींनी अर्ज केला की दक्षिणेचा पैसा मराठी पुस्तकांच्या कामीही लावा. पुण्यात हलकल्लोळ. पाठशाळेचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. तिथे आज हडप्पाची मडकी आणि मराठीचे शब्द मोजतात.

दाभाड्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं?

२३

मैत्रीण: "एवढा विचार कशाला? देवळाला दे. देव कुठे पळून जात नाही."

विश्वस्तांबद्दल ती काही बोलली नाही.

२४

ताळेबंद वाचायची खोड. लोक विचारतात, पगारावर किती टक्के जातात? कमी असले की खूश. मी उलटं पाहते. एका संस्थेत पगाराखाली शून्य. सेक्रेटरी अभिमानानं म्हणाले, "आमच्याकडे सगळे निःस्वार्थ." चहा त्यांच्या पत्नीनं आणला. रजिस्टरही त्याच लिहितात, सकाळी मुलांचे डबेही त्याच भरतात, रात्री कुणाला ताप आला तर त्याच उठतात. सभासदांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

पगार शून्य नव्हता. तो दुसऱ्या कुणाच्या खात्याला नावे पडत होता.

२५

'किरकोळ खर्च' दोनदा वाचावा. तिसऱ्यांदा वाचायची वेळ आली तर वही मिटावी.

२६

नोबेल. २७ नोव्हेंबर १८९५, पॅरिसमधला स्वीडिश-नॉर्वेजियन क्लब, चार साक्षीदार, वकील नाही. बक्षिसं द्यायला पैसे ठेवले, पण ते पैसे घेणारी संस्थाच अस्तित्वात नव्हती. पुढच्या वर्षी गृहस्थ गेले. नातेवाईक भडकले, राजाही नाराज. मृत्युपत्र अमलात आणायचं काम सव्वीस वर्षांच्या रॅग्नार सोलमानवर आलं. त्यानं पॅरिसच्या बँकेतले रोखे पेटीत घातले आणि घोडागाडीतून स्वीडिश कॉन्सुलेटमध्ये पोचवले. मांडीवर रिव्हॉल्व्हर. पहिली पारितोषिकं १९०१ मध्ये.

माझी अंमलबजावणी पुतणीकडे आहे. तिच्याकडे स्कूटर आहे.

२७

पु. ल. आणि सुनीताबाई. पुण्यात आयुकाच्या आवारात मुलांचं विज्ञान केंद्र आहे, त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक तारा. ज्याला कळायचं त्याला कळतं. बाकीच्यांनी तारा पाहावा.

पंख्याच्या पात्यांनंतर हे मुद्दाम लिहून ठेवलं.

२८

साक्षीदार. ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी सही करू नये, वकिलांनी बजावलं. माझ्यापेक्षा लहान हवेत, म्हणजे वेळ आली तर कोर्टात उभे राहतील. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा तयार झाला. आत काय आहे ते साक्षीदारानं वाचायची गरज नसते, फक्त मी सही केलेली पाहायची.

"पण काकू, वाचलं तर चालेल का?"

"कशाला?"

"नाही, मला कल्पना नाही असं कसं लिहितात. बाबांकडून करून घ्यायचंय."

२९

दुसरे साक्षीदार सेक्रेटरी. कुत्र्यांचं नक्की नाही ना, हे पुन्हा विचारून घेतलं.

३०

नावांचा घोळ. 'महिला मंडळ' राज्यात किती असतील? 'सार्वजनिक वाचनालय'? एका खात्यात आम्हाला असंच मृत्युपत्र आलं होतं. लिहिलं होतं, 'गावातील बालकाश्रमास'. गावात दोन बालकाश्रम. दोघांचे अध्यक्ष माझ्या टेबलासमोर शेजारी-शेजारी खुर्चीत बसले, एकमेकांकडे न पाहता. दोघांच्याही हातात मयताबरोबर काढलेला फोटो. पैसे चार वर्षं अडकले. दोन्ही आश्रमांनी वकील केले.

म्हणून: पूर्ण नाव, गाव, तालुका, धर्मादायचा नोंदणी क्रमांक, पॅन. संस्था बंद पडली तर पुढे कुणाला, तेही.

३१

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. आपल्याला जन्माला घालणारीही तेव्हा जन्माला आली नव्हती. संस्था आपल्यापेक्षा जास्त जगतील हे गृहीत धरूनच सगळं चाललंय. बँकेतल्या नऊ वर्षांत चार संस्थांची खाती मी स्वतः बंद केली. त्याला मयत म्हणत नाहीत. 'निष्क्रिय' म्हणतात.

३२

अकराव्या संस्थेत गेले, न कळवता. एसटीनं अडीच तास. बाहेर पाटी आहे पण जांभळाच्या फांदीआड. आत टेबलाशी पन्नाशीच्या बाई, चष्मा दोरीत अडकवलेला. समोर पावतीपुस्तक, कार्बन पेपर, शाईचा पेन. भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा, तारखांसह. मागच्या खोलीत कुणीतरी पाढे म्हणत होतं, सतराच्या पाढ्यात अडकलं होतं. सतरा साते, सतरा साते.

"एकशे एकोणीस," बाई पेन न थांबवता मोठ्यानं म्हणाल्या.

मी पाचशे दिले.

"कुणाच्या स्मरणार्थ?"

"माझ्याच."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. हसल्या नाहीत. नाव सांगितलं तसा पेन थांबला.

"आडनाव जरा सावकाश सांगा. मागच्या वेळी आमच्याकडून चुकलं होतं."

३३

वकिलांना फोन. सातव्या कलमातली रेघ वाढवून घ्यायची आहे. तालुका आणि नोंदणी क्रमांकासह नाव दोन इंचांत बसत नाही.